रिकामा परतलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे, आणि माझ्यावर एक लेखी आरोप आहे. आरोप छापील कागदावर आहे, त्याखाली सही आहे आणि सहीखाली गोल शिक्का. डब्याने उत्तर द्यावे अशी सोय कोणत्याही कायद्यात नाही, म्हणून माझी हकिगत मी तुम्हाला सांगतो. तुम्ही अजून लहान आहात. छापलेले सगळे खरे असते, ही समजूत तुमच्यात अजून पक्की झाली नसेल, एवढीच माझी आशा आहे.

मी स्टीलचा, कडीचा, घट्ट झाकणाचा डबा. माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याचा गोल तुकडा, त्यावर यंत्राचा एक घाव, मग चकाकी. जन्माविषयी याहून अधिक भावूक होण्यासारखे माझ्याकडे काही नाही. माझी भाषा तुम्हाला जरा जड वाटेल. त्याचे कारण असे, की चाळीसहून अधिक वर्षे माझ्या तळाशी वर्तमानपत्रे अंथरली गेली. अग्रलेखावर शेंगदाणे आणि शेंगदाण्यांवर झाकण, अशा अंधारात माझे वाचन झाले.

एक्क्याऐंशी साली निरगुडसरच्या द्रौपदाबाईंनी मंचरच्या बाजारात मला विकत घेतले. भुईमूग उपटायच्या मजुरीतून घेतलेली ती त्यांची पहिली वस्तू. भांड्यांवर नावे घालणारा माणूस दुकानाच्या दारातच बसे. त्याने यंत्र सुरू करून विचारले, "मालकांचं नाव सांगा, बाई."

"डबा माझा हाय. माझं नाव घाल," द्रौपदाबाई म्हणाल्या. "आन् खाली गावाचं बी घाल."

"गावाचं कशाला?"

"डबा हिंडणार हाय."

त्याने मान हलवली आणि माझ्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी लिहिले: द्रौपदा चांगदेव, निरगुडसर. मित्रांनो, ही अक्षरे लक्षात ठेवा. पुढे एका मोठ्या कंपनीची सगळी यंत्रणा जे करू शकली नाही, ते या ठिपक्यांनी केले.

मी हिंडलो. आमच्याकडे रानात नवे काही पिकले, घरात चांगले काही शिजले, की ते आधी शेजारीपाजारी पोचते. त्याला वानवळा म्हणतात. ओल्या शेंगा, हुरडा, नवा गूळ, बाजारातली सुकट, दिवाळीचे कानवले, सगळे माझ्यातून गेले. वानवळ्याचे दोन नियम कोणी लिहून ठेवलेले नाहीत, तरी सगळ्यांना पाठ आहेत. पहिला, आलेल्या वानवळ्याविषयी चौकशी करायची नाही. कुठला, कधीचा, कसा केला, असे विचारणे म्हणजे देणाऱ्याचा अपमान. दुसरा, भांडे रिकामे परत पाठवायचे नाही. ज्यांच्या घरात काहीच नसेल, ते निदान चिमूटभर साखर टाकून भांडे परत करतात.

या दुसऱ्या नियमाची ताकद मी फार जवळून पाहिली आहे. द्रौपदाबाईंचे यजमान चांगदेव यांच्या वडिलांनी छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतली आणि वस्तीतल्या बाकीच्या घरांनीही घेतली. गाव मात्र लगेच बदलले नाही. मळ्यातल्या मोठ्या घरी कोंडाबाईंचे राज्य होते. द्रौपदाबाईंनी पाठवलेल्या शेंगा त्या घरात आवडीने खाल्ल्या जात, पण मी ओट्याच्या वर कधी गेलो नाही. कोंडाबाई शेंगा आपल्या सुपात ओतून घेत, माझ्यावर दुरून पाणी शिंपडत आणि माझ्यात वरूनच ज्वारी टाकत. शिजवलेले कधीच नाही. मी स्टीलचा असल्यामुळे मला भूक लागत नाही आणि लाजही वाटत नाही, असा त्यांचा समज असावा. पण इतके सगळे करून त्या बाईंनीही मला एकदासुद्धा रिकामे पाठवले नाही.

कोंडाबाई गेल्या आणि त्यांच्या सूनबाई अंजनाबाई घरच्या कर्त्या झाल्या. सुतक फिटल्यावर पहिल्याच सणाला त्यांनी मला ओट्यावरून उचलले, थेट चुलीपाशी नेले आणि माझ्यात गरम पुरणपोळ्या घातल्या. त्या आणि द्रौपदाबाई एकाच पातीवर निंदायला बसत, एकाच पाटावर कपडे धूत. मग चाळीस वर्षे मी त्या दोन घरांमध्ये असा फिरलो, की माझे घर कोणते, हे ठरवायला मला ते नाव वाचावे लागे.

त्या काळी सुकट बाजारातून येई. कोकणातून येणारी एक बाई पाटी मांडून दर बाजारी ठरलेल्या जागी बसे. एकदा तिचा जवळा दमट निघाला. जवळा म्हणजे ती बारीक सुकी कोळंबी. पुढच्या बाजारी द्रौपदाबाईंनी मला तिच्यासमोर ठेवून झाकण उघडले. ती वाकली, वास घेतला आणि म्हणाली, "बाय, ह्यो टाकून दे. पोरांना घालू नको." तेवढे बोलून तिने दुसरा जवळा माझ्यात भरला. सदोष माल परत मागवण्याची तिची यंत्रणा एवढीच होती. तिला नाक होते, तिला चेहरा होता आणि पुढच्या बाजारी तिला तिथेच बसायचे होते.

आता अलीकडची गोष्ट. द्रौपदाबाईंच्या समाधानचे लग्न झाले आणि प्रज्ञा सून म्हणून आली. प्रज्ञा मंचरला औषधांच्या दुकानात काम करते. गेल्या वर्षी एका शनिवारी येताना तिने गावातल्या भरतच्या दुकानातून दोन पाकिटे आणली. जवळ्याची तयार ओली चटणी, थंड ठेवायची, पाकीट फोडून तशीच खायची. पाकिटावर निळी लाट होती, हसणारी कोळीण होती. कंपनीचे नाव मी सांगत नाही. कंपनीकडे वकील आहेत आणि माझ्याकडे फक्त झाकण आहे.

रविवारी एक पाकीट घरी फोडले. म्हाताऱ्या चांगदेवांनी चटणी पाकिटातून थेट ताटलीत घेतली आणि भाकरीशी खाल्ली. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. ती चटणी माझ्यात कधी आलीच नव्हती. दुसरे पाकीट द्रौपदाबाईंनी माझ्यात ओतले, वर कोथिंबीर पेरली आणि मला अंजनाबाईंकडे पाठवायला काढले.

"आत्या, पाकीटच द्या ना तसंच," प्रज्ञा म्हणाली.

"आगं, पाकीट देतात व्हय? वानवळा हाय का दुकानदारी?"

रिकामी पाकिटे पाणी तापवायच्या बंबात गेली. कोळीण हसत हसत जळाली आणि तिच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेला क्रमांकही जळाला.

अंजनाबाईंच्या अंगावर जवळ्याने गांधी उठतात, हे गावाला ठाऊक आहे. वानवळा होता तो त्यांचे यजमान भिमाजीराव यांच्यासाठी. पण त्याच दुपारी अंजनाबाईंचे जावई सूरजराव येडगावहून मोटारसायकलवर आले होते आणि निघायच्या घाईत होते. अंजनाबाईंची लेक वृषाली हिला सातवा महिना होता. तिखट, खारट, काय काय मागत होती. भांडे बदलायला वेळ नव्हता. अंजनाबाईंनी मलाच पिशवीत घालून जावयाच्या हाती दिले. दुसऱ्याचा डबा परस्पर तिसऱ्या गावी पाठवणे आमच्याकडे फार कमीपणाचे मानतात. ते त्यांना कळत होते. "आठ दिवसांत येईल परत," असे त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि मी ऐकले.

अशा रीतीने मी येडगावला, धरणाच्या पाण्यापासून जवळ असलेल्या एका घरात, फ्रीजमध्ये गेलो.

पुढचे सांगताना मी थकतो. वृषाली रोज माझे झाकण काढी. कधी भाकरीशी खाई, कधी नुसतेच बोट बुडवून. "आईच्या हातची चव नाही ही," ती सासूबाईंना सांगे, "पण गावाकडनं आलीय ना, म्हणून लई गोड लागते." थंडीत जे जंतू मरत नाहीत, उलट सावकाश वाढत राहतात, ते माझ्या पोटात तिच्या शब्दांखाली वाढत होते. मला ते दिसत होते, असा दावा मी करत नाही. पण झाकण लावलेल्या डब्याला आतले कळते. ओरडायला मात्र येत नाही. डब्याचे सगळे शिक्षण न बोलण्याचे.

इकडे निरगुडसरला सोमवार-मंगळवार चांगदेवांचे पोट बिघडले आणि अंगात कणकण राहिली. वयामुळे असेल, असे सगळ्यांनी ठरवले. वयावर काहीही ढकलता येते. ते कधी उत्तर देत नाही.

गुरुवारी दुपारी प्रज्ञा साखर घ्यायला भरतच्या दुकानात गेली. चटणीच्या फ्रीजचा तो कप्पा रिकामा होता आणि फ्रीजच्या बाजूला, भिंतीकडच्या अंगाला, पोस्टकार्डाएवढा एक कागद डकवलेला होता. कागद इंग्रजीत होता. हे आणि त्या दिवशीचे पुढचे सगळे बोलणे मी नंतर प्रज्ञाच्या आणि अंजनाबाईंच्या तोंडून ऐकले. डब्यासमोर माणसे मोकळेपणी बोलतात.

"भरतभाऊ, हे काय आहे?"

"ते व्हय? कंपनीचा माणूस आला व्हता सोमवारी. राहिलेली पाकिटं घेऊन गेला. कागद चिकटवला, कागदाचा फोटो काढला आणि गेला."

"यात लिहिलंय की ह्या मालात लिस्टेरियाचे जंतू असू शकतात. म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बायका, कोणी खायचं नाही. माल परत मागवलाय. तुम्ही कुणाला सांगितलं?"

"कुणाला सांगू राव? हितं काय नाव-गाव लिहून चटणी घेत्यात का लोक? आन् मला विंग्रजी कुठं येतंय? मला वाटलं, स्कीम असंल."

प्रज्ञा रोज औषधांचे क्रमांक तपासते. एखादे औषध परत मागवले, की कोणत्या गावच्या कोणत्या रुग्णाला ते दिले, हे तिचे दुकान शोधून काढते. तिने तिथेच उभे राहून कागदावरच्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडून मंजुळ आवाज आला. पाकिटावरचा क्रमांक सांगा, म्हणाला.

"पाकीट जाळलं गेलं. पण गेल्या शनिवारी घेतलंय, ह्याच दुकानातून. घरात एक माणूस आजारी आहे."

"मॅडम, क्रमांकाशिवाय तक्रार नोंदवता येणार नाही. कृपया मूळ पाकीट जपून ठेवा."

"अहो, जाळलं म्हणते आहे ना!"

"धन्यवाद मॅडम. आणखी काही मदत करू शकतो का?"

प्रज्ञा थेट अंजनाबाईंच्या दारात पोचली. ती धापा टाकत होती, आणि तिचे पहिले वाक्य चुकले. "काकू, आमचा डबा कुठंय?" ती म्हणाली.

अंजनाबाईंच्या तोंडचे पाणी पळाले. सून डबा मागायला दारात आली, म्हणजे डबा येडगावला गेल्याचे द्रौपदाबाईंना कळले, असे त्यांना वाटले. चाळीस वर्षांत असे मागणे कधी आले नव्हते. त्या घाईघाईने म्हणाल्या, "हाय की, घरातच हाय. घासून ठेवलाय. उद्या भरून आणून देते."

"आणि चटणी? खाल्ली कुणी?"

"संपली कवाच. आमी दोघांनी संपवली. का गं?"

"ती खराब होती, काकू. कंपनीनं परत मागवलीय. तुम्हाला काही त्रास?"

"काय बी न्हाई. दगडं पचवतो आमी."

मित्रांनो, खोटे बोलण्याची शंभर कारणे असतात. त्यांपैकी सगळ्यांत साधे कारण लाज. अंजनाबाईंचा "परत मागवलीय" या शब्दांवर विश्वासच बसला नाही. डबा मागण्यासाठी काढलेली ही निमित्ते, असे त्यांनी मनात धरले. प्रज्ञा हायसे वाटून घरी गेली, चांगदेवांना मंचरला डॉक्टरकडे पाठवायची व्यवस्था तिने केली, आणि तिकडे वृषालीने दुपारच्या जेवणाला माझे झाकण पुन्हा काढले. तिला आदल्या दिवसापासून ताप होता. तोंडाला चव नाही म्हणून तिने चटणी जरा जास्तच घेतली.

संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता द्रौपदाबाईंनी प्रज्ञाला विचारले, "अंजना काय म्हणली म्हणलीस?"

"दोघांनी संपवली म्हणाल्या."

द्रौपदाबाईंचा हात परातीत थांबला. "दोघांनी? अंजनाला जवळा चालत न्हाई, अंगभर गांधी उठतात. आन् भिमाजीरावांनी सोमवारी दाढ काढली. पेज पितायत चार दिस, तोंड उघडता येईना. मग संपवली कुणी?"

तव्यावरची भाकरी तशीच टाकून त्या उठल्या. दिवेलागणीची वेळ होती. उसात बिबट्याची मादी पिलांसह आहे, म्हणून त्या आठवड्यात संध्याकाळी कोणी एकटे बाहेर पडत नव्हते. द्रौपदाबाईंनी काठी घेतली आणि प्रज्ञा मोबाईलचा उजेड दाखवत मागे निघाली.

"अंजने," त्या दारातूनच म्हणाल्या, "डबा नको मला. डबा गेला खड्ड्यात. चटणी कुणी खाल्ली, तेवढं सांग."

अंजनाबाई पदराला हात पुसत राहिल्या.

"आगं, म्हाताऱ्याला चार दिस ताप हाय. त्या मालात इख निघालंय. पोटुशी बाई असली तर पोटातल्या जिवाला धोका, असं लिवलंय कागदावर. कुणाला दिली?"

"वृषालीला," अंजनाबाई म्हणाल्या. "येडगावला. डब्यासकट धाडली. मला लाज वाटली, द्रौपदे. तुझा डबा तुला न इचारता..."

"मेली तुझी लाज! फोन लाव आधी!"

फोन सूरजरावांनी उचलला. वृषालीला ताप असल्याचे त्यांनी सांगितले आणि सकाळी बघू म्हणाले. प्रज्ञाने फोन हिसकावून घेतला. "सकाळी नाही, आत्ता," ती म्हणाली. "नारायणगावला न्या. डॉक्टरांना हा शब्द सांगा, लिहून घ्या: लिस्टेरिया. चटणीचा डबा सोबत घ्या. आमचं नाव आहे त्याच्यावर. धुऊ नका."

तेव्हा मी नारायणगावच्या दवाखान्यात गेलो. टेबलावर डॉक्टरांसमोर मी उभा होतो आणि डॉक्टरांनी माझ्या पोटावरचे नाव मोठ्याने वाचले. त्या नावाच्या घरी त्यांनी सूरजरावांच्या मोबाईलवरून फोन लावला, आणि नेमके काय खाल्ले, कधी, कुठून आले, हे सगळे त्यांना प्रज्ञाकडून त्या संध्याकाळीच कळले. त्यामुळे योग्य औषध त्याच तासाला सुरू झाले. तीन दिवसांनी रक्ताच्या तपासणीत तोच जंतू निघाला. पुढच्या महिन्यात मुलगी जन्मली, दिवस भरण्याच्या महिनाभर आधी, ओंजळीएवढी, आणि अठरा दिवस काचेच्या पेटीत राहिली. जगली. दर महिन्याला तिला तपासणीला न्यावे लागते. तिच्या एका कानाविषयी डॉक्टर अजून फक्त "बघू" म्हणतात. गुरुवारची ती दुपार वाया गेली नसती तर काय झाले असते, हा प्रश्न अंजनाबाईंनी डॉक्टरांना विचारला नाही. त्या तो रोज स्वतःला विचारतात. चांगदेव मात्र गोळ्यांनी बरे झाले.

प्रज्ञाने दवाखान्याचे कागद जोडून तक्रार केली. मग कंपनीचा माणूस निरगुडसरला आला. स्वच्छ कपडे, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, आवाजात मार्दव. दवाखान्यातून परत आणलेला मी ओसरीवर ठेवलेला होतो, तळाशी वाळलेली चटणी तशीच.

"मूळ पाकिटातून चटणी दुसऱ्या भांड्यात काढली होती. बरोबर ना?" त्याने विचारले.

"मग काय पाकिटासकट खायची, पावणं?" द्रौपदाबाई म्हणाल्या.

"डबा कशाने घासता आपण?"

"आदुगर राखेनं घासायचो. आता पावडर हाय."

त्याने वहीत लिहिले: राख.

"डबा किती जुना?"

"तुमच्यापेक्षा थोरला हाय."

तेही त्याने लिहिले.

चांगदेव खाटेवरून म्हणाले, "साहेब, माझं बी लिवा. म्या डब्यातली खाल्लीच न्हाई. पाकिटातनं ताटलीत घेतली, आन् मीच आधी आजारी पडलो."

"ते पाकीट आहे का आपल्याकडे?"

"बंबात गेलं."

"मग कसं लिहू, बाबा?" तो हळहळून म्हणाला. त्याची हळहळ उत्तम प्रतीची होती. मला एका पारदर्शक पिशवीत घालून, दोरीने बांधून, तो घेऊन गेला. मित्रांनो, गावाबाहेर मी पुष्कळदा गेलो होतो, पण माझ्यात काही भरून नेण्याऐवजी माझ्यातले काही काढून घ्यायला मला नेले, असे प्रथमच घडले.

अडीच महिने मी एका कपाटात होतो. तिथल्या कागदांवर शब्द फार चांगले होते: दर्जा, विश्वास, ग्राहक. मग एके दिवशी मला घासून पुसून पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवले, आणि पार्सल नेणाऱ्या एका माणसाने मला द्रौपदाबाईंच्या हातात दिले. खोक्यात माझ्यासोबत ते सही-शिक्क्याचे पत्र होते. प्रज्ञाने ते मराठीत करून वाचले. कंपनीने आपला माल निव्वळ खबरदारी म्हणून परत मागवला होता. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतील सर्व पाकिटांचा हिशेब लागला असून मोहीम शंभर टक्के यशस्वी झाली होती. जी पाकिटे दुकानात सापडली ती परत आली, आणि जी सापडली नाहीत ती "ग्राहकांनी वापरली" या रकान्यात गेली. येडगावच्या त्या दुर्दैवी प्रकाराविषयी कंपनीला सहानुभूती होती. मात्र पदार्थ जुन्या घरगुती भांड्यात काढल्यामुळे, भांड्याच्या अस्वच्छतेतून दूषित झाला असण्याची शक्यता अधिक होती.

ज्या जंतूच्या भीतीने कंपनीने दोन तालुक्यांतून माल उचलला, तोच जंतू एका बाईच्या रक्तात सापडताच माझ्या कडीखालून निघाला असे ठरले. मी पुष्कळ अग्रलेख वाचले आहेत. इतकी गुळगुळीत रचना मला क्वचितच आढळली.

द्रौपदाबाईंनी पत्राकडे पाहिले नाही. त्यांनी माझे झाकण काढले, आत पाहिले, हात घालून चाचपले. मग चांगदेवांकडे वळून म्हणाल्या, "रिकामा धाडला."

"काय म्हणतीस?"

"येवढी मोठी कंपनी, आन् डबा रिकामा धाडला. कोंडाबाई वरनं पाणी मारायची, पर जुंधळा घातल्याबिगर डबा हलवत नव्हती."

चांगदेव खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "तवा आमी बाटके व्हतो. आता डबा बाटका हाय. कागदावर लिवून दिलंय. सुधारणा झाली म्हणायची."

प्रज्ञाने पुढची तक्रार लिहिली. ती अजून कोणत्या तरी टेबलावर आहे. मला मात्र फळीच्या कडेला पालथे ठेवले गेले. वानवळा दुसऱ्या डब्यांतून जाऊ लागला. मला कोणी वाईट बोलले नाही. नुसता हात माझ्यापाशी यायचा आणि पलीकडच्या डब्याकडे वळायचा. छापील शब्दाचे वजन असे असते, मित्रांनो. ज्यांना तो खोटा वाटतो, त्यांचाही हात वळतो.

मुलगी चार महिन्यांची झाल्यावर अंजनाबाईंच्या अंगणात तिचे बारसे ठरले. आदल्या दिवशी अंजनाबाई आल्या.

"द्रौपदे, डबा दे."

"कुठला?"

"नाव घातलेला."

"नको गं. त्याच्यावर आळ हाय. पोरीच्या बारशाला कशाला?"

"आळ माझ्यावर पायजे व्हता. म्या खोटं बोलले," अंजनाबाई म्हणाल्या. "दे हिकडं."

मी पुन्हा त्या चुलीपाशी गेलो. दुसऱ्या दिवशी मुलीचे नाव समृद्धी ठेवले. नाव कानात सांगताना मुलीच्या आत्याने मुद्दाम दोन्ही कानांत सांगितले. मग अंजनाबाई घुगऱ्यांनी भरलेल्या मला हातात घेऊन बायकांमधून वाटत निघाल्या. शिनोलीहून आलेल्या एका पाहुणीने हात मागे घेतला. "आगं बया, ह्योच का त्यो डबा?"

"ह्योच," अंजनाबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्यात हात घालून मूठभर घुगऱ्या काढल्या, स्वतः खाल्ल्या आणि डबा तिच्यापुढेच धरून ठेवला. "ह्या डब्यावर नाव व्हतं, म्हणून डॉक्टराला सगळं कळलं. न्हाईतर आज बारसं नसतं. घे."

पाहुणीने घेतल्या.

शेवटी अंजनाबाईंनी मला पुन्हा काठोकाठ भरले आणि द्रौपदाबाईंच्या मांडीवर ठेवले. "कंपनीनं रिकामा धाडला. म्या भरून आणलाय."

द्रौपदाबाईंनी झाकण काढले, पण घुगऱ्यांना हात लावला नाही. चाळीस वर्षांत जे त्यांनी कधी केले नव्हते, ते त्यांनी केले. "हरभरं कुठलं?" त्यांनी विचारले.

वानवळ्याला असे विचारत नाहीत. अंजनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले, पण त्या हसत होत्या.

"आमच्या रानातलं. वड्याकडच्या वावरातलं."

"शिजवलं कवा?"

"आज पहाटं. म्या सोता. इचार आजून."

द्रौपदाबाईंनी चार दाणे तोंडात टाकले. "मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, आता प्रज्ञा विकतच्या पाकिटावरची क्रमांकाची पट्टी कापून माझ्या झाकणाला आतून चिकटवते आणि मगच वानवळा पाठवते. तुम्हीही तसे करा. पाकीट जाळण्याआधी ते वाचा. भिंतीकडे तोंड करून डकवलेला कागद दिसला, तर तो काढून दुकानाच्या दारावर लावा आणि मोठ्या माणसांकडून त्याचा अर्थ वदवून घ्या. प्रेमाने आलेल्या घासालाही, तो कुठून आला, हे विचारा. विचारण्यात अपमान नाही, हे आमच्या दोन म्हाताऱ्यांना फार उशिरा आणि फार महागात कळले. आणि एखाद्या जुन्या भांड्यावर कोणी ठपका ठेवला, तर ठपका ठेवणाऱ्याचे हात आधी पाहा.

माझ्यावरचा आरोप अजून कोणी मागे घेतलेला नाही. माल परत मागवता येतो, शब्द परत मागवण्याची मोहीम मी तरी ऐकलेली नाही. त्या संध्याकाळी समाधानने मला कडीला धरून घरी नेले, उसाच्या कडेकडेने, काठी आपटत. मी जड होतो, भरलेला होतो. दारात द्रौपदाबाईंनी मला त्याच्या हातातून घेतले आणि फळीवर उताणे ठेवले.